एका पिठाएवढं अंतर

लेकीकडे विमानाने जायचं ठरवलं ते मी, आणि सोबत पीठ न्यायचं ठरवलं तेही मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे नक्की कोणाला हसायचं ते तुम्हाला शोधत बसायला नको.

त्याचं असं आहे, मी पाव करते. घरच्या घरीच. आमच्या स्वयंपाकघरात एक मोठा ओव्हन आहे, घरात सगळ्यात जास्त मान त्याला. त्याच्या खालोखाल आमचे हे. (कधीकधी मांजर मध्ये येतं.) आता पाव करणाऱ्या घरात घड्याळाला कोणी फारसं विचारत नाही. मैदा मळला, त्यात यीस्ट गेलं, गोळा डब्यात टाकून वर ओलं फडकं घातलं, की तो फुगून दुप्पट व्हायला माझ्याकडे एक तास दहा मिनिटं लागतात. उन्हाळ्यात जरा आधी, थंडीत जरा उशिरा, पण साधारण तेवढीच. या वेळाला आमच्याकडे ‘एक पीठ’ म्हणतात. लेक लहान होती तेव्हापासून. दातांच्या डॉक्टरकडे किती वेळ लागेल गं आई? अर्धं पीठ. रडलीस तर पाऊण. आजी किती वेळात येईल? दोन पिठं, वाटेत कोणी भेटलं तर तीन. आमचे हे रुसले की दीड पीठ रुसतात. त्यानंतर त्यांना भूक लागते.

तर या लेकीला, म्हणजे आमच्या बबडीला, नोकरी लागली. पुलांची आखणी करणाऱ्या कंपनीत. दोनदा परीक्षा देऊन, दुसऱ्यांदा चष्म्याचा नंबर वाढवून मिळवलेली नोकरी. पण ती दुसऱ्या शहरात. जायच्या आदल्या दिवशी ती ओव्हनला टेकून उभी राहिली आणि लहानपणी विचारायची तसं विचारलं, “आई, किती लांब आहे गं?”

आमचे हे शाळेत भूमिती शिकवतात. त्यांच्या खिशात रुमाल नसला तरी पट्टी असते. त्यांनी नकाशा पसरला, दोन शहरांवर पट्टी ठेवली, काहीतरी गुणलं आणि म्हणाले, “सरळ रेषेत पाचशे साठ किलोमीटर. विमानाने एक तास दहा मिनिटं.”

मी टाळीच वाजवली. “बबडे, अगं एकच पीठ! मी इथे मळलं तर तुझ्याकडे येऊन भाजेन!”

ती हसली. हसत हसतच गेली. मला वाटलं, किती छान समजूत घातली आपण.

दोन महिन्यांनी फोन आला. गुरुवार होता.

“आई, मी सोमवारी राजीनामा देते.”

“का गं? साहेब ओरडले का?”

“ओरडले असते तर बरं झालं असतं. निदान कोणी बोललं तरी असतं. आई, इथे जिन्यात माणसं भिंतीकडे बघत चढतात. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं हे मला माहीत नाही. रविवारी मी भाजीवाल्याशी उगाच भांडले. बोलायला कोणीतरी हवं म्हणून.”

“अगं पण किती लांब आहे? एका पिठाएवढं तर...”

“पीठ पीठ करू नकोस!” आता तिचा आवाज ओला झाला होता. “फसवलंस तू मला. एक पीठ म्हणे! मला इथे पोचायला अख्खा दिवस लागला. तू ये ना एका पिठात! येऊन दाखव! तिथं मळ आणि माझ्याकडे येऊन भाज. पीठ फुगलेलंच असेल, बसलं नसेल, तर मी राहते इथे, कध्धी रडणार नाही. पण बसलं असेल ना, तर त्याच विमानाने तुझ्याबरोबर घरी.”

“कबूल,” मी म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, चाळिशी ओलांडली, अशा पैजा लावतात का? पण समोर पोरगी रडत असली की आई कशालाही कबूल म्हणते. मी तर एकदा कासव पाळायला कबूल म्हटलं होतं.

ह्यांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता सिद्धता येणार.

“विमान सरळ रेषेत जातं,” ते म्हणाले. “तू जात नाहीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. जा. तिला बरं वाटेल.” आणि मग पट्टीशी खेळत, “पीठ बसलं तरी... म्हणजे ती आली तरी काही हरकत नाही. मी आपलं सांगून ठेवतो.”

मी त्याआधी कधी विमानात बसले नव्हते. पण तिकिटावर वेळ स्वच्छ लिहिली होती: एक तास दहा मिनिटं. शिवाय मी अगदीच बावळट नाही. विमानतळावर आधी जाऊन बसावं लागतं हे मला ठाऊक होतं. म्हणून मी एक युक्ती काढली. बबडी म्हणाली होती ‘तिथं मळ’. घरी मळ, असं कुठे म्हणाली होती? विमानतळ आमच्याच गावात आहे. म्हणजे तोही ‘तिथं’च. मैदा कोरडा न्यायचा, यीस्ट पुडीत, आणि विमानात चढायच्या अगदी आधी मळायचं. दार बंद झालं की पीठ फुगायला लागेल, दार उघडलं की फुगून तयार! (ही युक्ती सुचली तेव्हा मी इतकी खूश झाले की ह्यांना दोनदा चहा दिला. त्यांनी दोन्ही वेळा प्यायला. संशय आला तरी ते चहा सोडत नाहीत.)

शनिवारी दुपारचं विमान होतं. सुरक्षा तपासणीपर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथे माझी पिशवी त्या बोगद्यात गेली आणि परत बाहेर यायच्या ऐवजी बाजूला गेली.

“मॅडम, ही तुमची पिशवी?” खाकीतल्या बाईंनी विचारलं.

“हो.”

“या डब्यात पांढरं काय आहे?”

“मैदा.”

“आणि या पुडीत?”

“यीस्ट.”

“हे काय करतं?”

मी खरं तेच सांगितलं. “फुगतं.”

माझ्यामागची रांग एक पाऊल मागे सरकली.

“फुगतं म्हणजे?”

“म्हणजे ऊब मिळाली की फुगतं. जिवंत असतं ना ते.”

बाईंनी पुडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग त्यांनी एका साहेबांना बोलावलं. साहेबांनी पुडीचा वास घेतला, मैद्यात काठी फिरवली, माझे बूट परत एकदा काढायला लावले. मी पैज सांगितली, बबडी सांगितली, चौथा मजला सांगितला, भाजीवाला सांगितला. साहेबांनी पुडी घडी घालून परत पिशवीत ठेवली. शेवटी म्हणाले, “माझी धाकटी पण बाहेरगावी आहे. जा तुम्ही. पण विमानात काही फुगवू नका.”

मी होकारार्थी मान हलवली. (मानेला काय, हलवायला काही लागत नाही.)

आत जाऊन पाण्याची बाटली घेतली. आमच्या विमानाला बोलावणं होणार इतक्यात मी एका खुर्चीवर डबा मांडला आणि बाह्या वर करून मळायला बसले. तुम्हाला सांगते, शेकडो माणसांमध्ये बसून पीठ मळण्यात एक वेगळीच शांतता असते. समोर काचेपलीकडे ती पांढरी विमानं ऊन खात पडली होती, सुस्तावलेल्या म्हशींसारखी. माझ्या हाताखाली गोळा मऊ होत चालला होता. मला वाटलं, जमणार हे. शेजारी एक टाय घातलेले गृहस्थ होते. त्यांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि मग स्वतःची बॅग दोन खुर्च्या पलीकडे नेली.

बोलावणं झालं. झाकण लावलं, डबा शालीत गुंडाळला, निघाले. आता विमान दारातच असेल असा माझा समज. तर आधी रांग. मग जिना. मग बस. बसमध्ये उभं राहून वाट बघणं. मग ती बस विमानांच्या मधून अशी काही फिरवली की मला वाटलं आम्हाला बसनेच नेतात की काय. मग परत जिना. माझी खिडकीची जागा होती आणि शेजारी, अर्थातच, ते टायवाले. त्यांनी माझ्या मांडीवरचा डबा बघून डोळे मिटले.

दार लागलं. मी मनात म्हटलं, चला, एक तास दहा मिनिटं.

विमान हललंच नाही.

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, आकाशात गर्दी असल्यामुळे थोडा उशीर होत आहे. आकाशात गर्दी! मी खिडकीतून वर बघितलं. एवढं मोठं निळं आकाश, एक पाखरू नाही त्यात. मी टायवाल्यांना म्हटलं, “कुठे आहे हो गर्दी?” ते म्हणाले, “दिसत नाही ती.” मग शालीखाली हात घालून झाकण जरा उचलून बघितलं. पीठ अर्ध्या डब्यापर्यंत आलं होतं आणि आम्ही अजून जमिनीवर.

आता पाव करणाऱ्यांना ठाऊक असतं, फुगलेल्या पिठाला मुठीने दाबलं की आतली हवा निघून जाते आणि ते पुन्हा पहिल्यापासून फुगायला लागतं. एकदा दाबलं तर काही बिघडत नाही. दोनदाही चालतं, पीठ चांगल्या स्वभावाचं असेल तर. तिसऱ्यांदा मात्र त्याचा जीव जातो. आंबट होतं, आणि बसतं ते बसतं.

मी मूठ घातली. फस्स् झालं.

टायवाल्यांनी डोळे उघडले. “काही नाही,” मी म्हटलं. “नव्याने सुरुवात केली.”

आणि मग उडालो एकदाचे.

ते मी तुम्हाला कसं सांगू? जमीन आधी पळाली, मग वाकडी झाली, मग तिने आम्हाला सोडूनच दिलं. घरं काडेपेट्यांएवढी झाली, त्यातलं एक आमचं असेल, त्यात हे पट्टी घेऊन बसले असतील. मग थोडा वेळ सगळं पांढरं. आणि आम्ही त्याच्या वर आलो, तर खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पीठच पीठ! कोणीतरी निवांत मळून ठेवलेलं, नुसतं उघड्यावर, वर फडकंसुद्धा न घालता. कुठे गोळे, कुठे फुगवटे, एका जागी तर बोट घालून बघितल्यासारखी खळी. आत ऊन मुरत होतं. माझ्या मांडीवरचा डबा कोमट झाला होता, झोपलेल्या बाळासारखा जड. बबडी अशीच झोपायची, मी एका हाताने मळत असताना.

वर, सामानाच्या कप्प्यात, माझी मोठी बॅग होती. रिकामी. म्हणजे एक साडी आणि टूथब्रश सोडला तर रिकामीच. घरून निघताना मी स्वतःला सांगितलं होतं की लहान बॅगेची चेन बिघडलीय. पण तिथे वर, इतक्या उंचावर, खोटं बोलायला दम लागतो. बॅग मोठी आणली होती ती बबडीचे कपडे भरायला. पीठ फुगून तयार राहिलं तर पोरगी तिकडे राहणार. बसलं तर घरी येणार. आणि मी ते शालीत गुंडाळून ऊब देत होते. मला नक्की काय हवं होतं? मी शाल जरा सैल केली. मग परत घट्ट केली. मग परत सैल.

अशी सैल-घट्ट करता करता माझा डोळा लागला. स्वप्नात ते खालचं पीठ हळूहळू वर येत होतं. एवढं फुगलं, एवढं फुगलं की दोन्ही शहरांच्या मधली सगळी जागा भरून गेली, नद्या, डोंगर, स्टेशनं, सगळं त्याच्या पोटात. आणि वरून बबडी चालत येत होती, अनवाणी, एकेक पाऊल मऊ मऊ रुतवत. मी हाक मारली, “किती वेळ लागेल गं?” ती म्हणाली, “मॅडम.” मी म्हटलं, “मॅडम काय म्हणतेस, आई म्हण.” ती म्हणाली, “मॅडम, तुमचा डबा.”

डोळे उघडले. हवाई सुंदरी वाकून उभी होती. तिचं हसू तसंच होतं, पण डोळे गोल झाले होते.

“मॅडम, तुमचा डबा श्वास घेतोय.”

खरंच घेत होता. झाकण वर उचललं गेलं होतं आणि खालून पीठ बाहेर डोकावत होतं, शेजारच्या घरात डोकावतात तसं. विमानात हवेचा दाब कमी असतो म्हणे, त्यामुळे जरा जास्तच फुगतं. (हे मला नंतर ह्यांनी समजावलं. आधी का नाही समजावलं, तर मी विचारलं नव्हतं.) एक पदर टायवाल्यांच्या मांडीवर पोचला होता आणि त्यांच्या टायचं टोक त्यात रुतलं होतं.

“अहो, हलू नका!” मी म्हटलं. “तुम्ही हललात तर ते बसेल.”

“मी बसलोच आहे,” ते म्हणाले. बिचारे खरंच हलले नाहीत. टाय पिठात ठेवून त्यांनी मला विचारलं, “हे कोणासाठी?” मग त्यांनाही बबडी सांगितली. ऐकून म्हणाले, “मग दाबू नका. अगदी वेळेवर फुगलंय ते. उतरतोच आहोत आपण.”

आणि खरंच खाली शहर दिसायला लागलं होतं. तिचं शहर! मला वाटलं, जिंकले मी. वर, मोठ्या बॅगेकडे, मात्र बघितलं नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला, खाली उतरायला जागा नसल्यामुळे आपण थोडा वेळ वरच फिरणार आहोत.

मग आम्ही फिरलो. गोल. एक नदी, एक तळं, एक उंच धुराडं. परत नदी, परत तळं, परत धुराडं. त्यातल्याच कुठल्यातरी छपराखाली माझी पोरगी होती, आणि मी तिच्या डोक्यावर घिरट्या घालत होते, जशा आयुष्यभर घातल्या. ऊन तिरपं झालं होतं आणि पंखावरून मधासारखं ओघळत होतं. इतकं सुंदर होतं की मला जाम राग आला.

दुसऱ्यांदा मूठ घातली. टायवाल्यांनी आपला टाय सोडवून घेतला आणि मान खाली घातली, सुतकात घालतात तशी.

पुढचं थोडक्यात सांगते. उतरलो. परत बस. मोठी बॅग मी झटकन काढली, पण टॅक्सीची रांग माझ्या आधीच लागलेली होती. टॅक्सी मिळाली तर पुढे रस्ता नव्हता, नुसत्या गाड्या होत्या. टॅक्सीवाला आरशातून म्हणाला, “ताई, कसला वास येतोय हो? आंबल्यासारखा?” मी झाकण उघडलं. पीठ पुन्हा काठापर्यंत आलं होतं, पण तोंडावर बुडबुडे, रंग फिका, आणि श्वास आंबट. चौथा मजला अजून अर्ध्या शहराएवढा लांब होता. मी तिसऱ्यांदा मूठ घातली.

या वेळी फस्स् झालं नाही. नुसता सुस्कारा आला.

खरं म्हणजे टॅक्सी थांबवून एखाद्या दुकानातून मैदा घेता आला असता. टॅक्सीत बसून नव्याने मळता आलं असतं. बबडीला काय कळणार होतं? पण मी तसं केलं नाही. खिडकीची काच खाली करून आरामात मागे टेकले. पीठ बसलं होतं. अगदी प्रामाणिकपणे बसलं होतं. माझ्याकडून मी सगळं केलं होतं, देव, विमान आणि टॅक्सीवाला साक्षीला होते, आणि आता माझी पोरगी घरी येणार होती. इतक्या समाधानाने हरलेली बाई त्या रस्त्यावर दुसरी नसेल.

जिना चढायला लागले. बबडी म्हणाली होती तशी भिंतीकडे बघतच चढले, दम लागला की भिंत बरी पडते. तिसऱ्या मजल्यावर एक दार उघडं होतं आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. त्यातलं एक हसू मी ओळखलं.

“आई!” बबडी धावत बाहेर आली. नाकाला पीठ नाही तर धूळ लागलेली, केस पिंजारलेले. मिठी मारली आणि तशीच मागे वळून ओरडली, “आलं! आलं! पीठ आलं!”

आत एक जाडजूड नर्सबाई होत्या आणि दोन भाऊ, दोघेही रंगारी, दोघांच्याही कानाच्या पाळ्यांवर निळा रंग. टेबलावर बशा मांडलेल्या.

“अगं, हे कोण सगळे?” मी कुजबुजले.

“आई, तू एक विसरलीस.”

“काय?”

“माझ्या खोलीत ओव्हन नाहीये.”

मी जिन्यावरच उभी राहिले. पाचशे साठ किलोमीटर मी पीठ घेऊन आले होते, आणि ते भाजायचं कशात, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नव्हता. माझ्यासाठी ओव्हन म्हणजे घराला छप्पर असतं तसं. असतोच.

“मलाही दुपारीच आठवलं,” बबडी सांगत होती. “मग काय करणार? दारं वाजवली. आधी पाचवा मजला, मग चौथा. कोणाकडेच नाही. हे दोघं दादा म्हणाले, खाली बाईंकडे आहे. तर त्यांच्याकडे ओव्हन आहे, पण त्यात त्या स्वेटर ठेवतात.”

“कोरडा असतो ना तो, लोकरीला बरा,” नर्सबाई म्हणाल्या. “या ताई, बसा. दुपारपासून आम्ही सगळे मिळून तो घासतोय. तुमचं पीठ कुठवर आलं, कुठवर आलं, नुसतं तेच चाललंय. तुम्ही वर घिरट्या घालत होतात ना, ते विमान आम्ही गच्चीवरून बघितलं.”

“ते दुसरं असेल,” मोठा रंगारी म्हणाला.

“तेच होतं,” धाकटा म्हणाला. “मी हात केला होता.”

डबा उघडला. सगळे वाकले. सगळे परत सरळ झाले. कोणी काही बोललं नाही, आणि हे त्यांचं वागणं मी जन्मात विसरणार नाही.

तरी आम्ही ते भाजलं. लोकरीचा वास असलेल्या ओव्हनमध्ये. बाहेर आलं ते ताटासारखं सपाट, कडेने काळं, मध्ये फिकट. धाकट्याने बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, “मावशी, भिंतीत बसेल.” मोठ्याने त्याला कोपर मारलं. नर्सबाईंनी सुरी घेतली, मग दुसरी सुरी घेतली, मग नुसतंच तोडलं. आम्ही सगळ्यांनी ते जॅम लावून खाल्लं. जॅम चांगला होता.

सगळ्यांचं खाऊन झाल्यावर मी बबडीचा हात धरला आणि तिला बाजूला घेतलं. आवाज जितका पडेल तितका पाडला.

“बबडे, मी हरले. पीठ बसलं. तीनदा बसलं. पैज म्हणजे पैज. चल, वर जाऊ, कपडे भरू.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते.

“आई, मी राहतेय.”

“पण मी हरले ना!”

“हो गं. पण त्यात माझी काय चूक?” आणि तिने माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. “उद्या दादा मला खोलीला रंग काढून देणार आहेत. मी पिवळा ठरवलाय. आणि बाई म्हणतात, ओव्हनमध्ये आता स्वेटर ठेवणार नाहीत, तूच काहीतरी कर त्याचं. आई, तू मला पाव शिकवशील? फोनवर?”

“शिकवीन,” मी म्हटलं. तिचे पिंजारलेले केस मागे सारून परत म्हटलं, “शिकवीन की.”

“आणि आई...” ती जरा घुटमळली. “उद्या रंग काढायचा म्हणजे खोली रिकामी करावी लागेल. तू परत कधी जाणारेस?”

म्हणजे बघा. जिंकले असते तर ती राहिलीच असती. हरले, तरीही राहिली. आणि वर घरी कोण जाणार, तर मी. मी जिन्यात येऊन बसले आणि ह्यांना फोन लावला.

“काय झालं?” पहिल्याच रिंगला उचलला होता.

“हरले.”

“म्हणजे येतेय ती!” इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता.

“नाही. राहतेय.”

पलीकडे पट्टी टेबलावर आपटली. “हे कुठल्या प्रमेयात बसतं?”

“कुठल्याच नाही हो. पण हसतेय ती. चांगली मोठ्याने हसतेय, ऐका.” मी फोन दाराकडे धरला. आत धाकटा रंगारी काहीतरी सांगत होता आणि बबडी खिदळत होती. मी परत फोन कानाला लावला तर हे नाक ओढत होते.

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. “मग उत्तम आहे.”

“मी उद्याच येते.”

“उद्या? एवढी घाई कशाला? राहा की चार दिवस. त्या बाईंकडे झोप. इथलं मी बघतो. माझी अजिबात काळजी करू नकोस.”

माझे डोळे भरून आले. वरून कोरडी वाटतात ही माणसं, पण आत बघा कशी. मी म्हटलं, “जेवलात का? काय खाल्लंत? मी पाव ठेवायलाच विसरले ना!”

“हो, म्हणजे... खातोय ना.”

“काय खाताय?”

“कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. तयार. पिशवीतला.” जरा थांबले. “रागावणार नाहीस ना? खूप मऊ आहे गं.”

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. पलीकडून त्यांनी दुसरा तुकडा तोडल्याचा आवाज आला. म्हणजे आला नाहीच. इतका मऊ होता.